पहिल्या बाणाची विद्या

शिकाऱ्याच्या भात्यात बाण चार असोत की चाळीस, सावजासमोर त्याला संधी मिळते ती एकाच बाणाची. तो हुकला तर सावज उधळते आणि दिवस वाया जातो. तो अर्धवट लागला तर त्याहून वाईट. जखमी जनावर काटेरी झुडपात शिरते आणि तडफडत मरते. रिकर्व्ह धनुष्याच्या स्पर्धेत खेळाडू ७० मीटरवरच्या लक्ष्यावर पहिल्या फेरीतच ७२ बाण सोडतो. एखादा बाण आठाच्या वर्तुळात गेला तरी पुढचे बाण त्याची भरपाई करू शकतात. शिकारीच्या तिरंदाजीत भरपाई नाही. म्हणून या तिरंदाजीने नेमाचा सराव वेगळ्या अंगाने केला, मन एका ठिकाणी आणण्याच्या आपल्या रीती शोधल्या आणि ताणलेले धनुष्य बाण न सोडता खाली घेण्यालाही कौशल्य मानले. हे पुस्तक त्या पहिल्या बाणाच्या विद्येविषयी आहे.

पुस्तक उघडणाऱ्याने एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी. आपल्याकडे शिकार बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ९ वन्य प्राण्यांच्या शिकारीला मनाई करते. या कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. पकडणे, फासे लावणे, जाळ्यात अडकवणे, विष घालणे, हाकारून काढणे, इतकेच काय, तसा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. माणसाच्या जिवावर उठलेल्या किंवा पिकांची नासाडी करणाऱ्या जनावरांसाठी कलम ११ खाली लेखी परवानगीची वेगळी वाट आहे, पण ती वन खात्याच्या हातात आहे, हौशी धनुर्धराच्या नाही. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य १९९४ चे. त्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर, उघड्या माळावर फिरणाऱ्या मोराला, काळविटाला, चिंकाऱ्याला हाच कायदा तितकाच लागू आहे. मला हा कायदा मनापासून मान्य आहे. या पुस्तकातला एकही धडा जिवंत प्राण्यावर गिरवायचा नाही. रानातल्या पाखरावर नाही आणि गावातल्या भटक्या कुत्र्यावरही नाही.

मग शिकारीच्या तिरंदाजीचा अभ्यास करायचा कशासाठी? माझे उत्तर सरळ आहे. माणसाने पोट भरण्यासाठी हजारो वर्षे जी नजर कमावली, जो धीर अंगी बाणवला, तो शिकार थांबली म्हणून मातीत घालण्याचे कारण नाही. अंतर डोळ्यांनी मोजणे, वारा ओळखणे, हालचाल न करता थांबणे, एका क्षणी सगळे चित्त एका ठिकाणी आणणे आणि तरीही मागे फिरण्याची तयारी ठेवणे, ही कमाई फोमच्या हरणावर किंवा पाचटाने ठासलेल्या पोत्यावरही तितकीच खरी राहते. तिच्यासाठी रक्ताची गरज नाही.

बीडचा मुलूख धनुष्याच्या शिकारीला कधीच सोपा नव्हता. उत्तरेच्या सीमेवर गोदावरी, मधून गेलेला बालाघाटचा डोंगर आणि त्यावर पसरलेले कमी पावसाचे, बाभळी-बोरींचे उघडे माळ. अशा माळावर काळवीट माणसाला फार लांबून हेरतो. साध्या धनुष्याचा भरवशाचा पल्ला मात्र वीस-पंचवीस पावलांचाच, आणि मधले अंतर दबकत कापायला आडोसा नाही. त्यामुळे इथल्या फासेपारध्यांनी धनुष्यापेक्षा फासा आणि वाघूर हे जाळे जवळ केले. हरणांची जाण्यायेण्याची वाट शोधायची, त्या वाटेवर फासे मांडायचे आणि तित्तराला त्याच्याच बोलीत साद घालून जवळ आणायचे, ही त्यांची रीत. उलट सातपुड्यातल्या भिल्लांना दाट झाडी, अरुंद घळी आणि वळणावळणाचे ओढे मिळाले. तिथे दहा पावलांवर दबा धरता येत होता, म्हणून तिथे तीरकमठा रोजचे हत्यार राहिला. कोणते हत्यार चालेल हे आधी जमीन ठरवते. बीडच्या नवशिक्याने हे समजून घेतले तर ‘आपल्याकडे धनुष्याची परंपराच नाही’ ही खंत त्याच्या मनात राहणार नाही.

कारण नेमाची निम्मी विद्या धनुष्य हातात घेण्याआधीच संपते. पावलांच्या ठशावरून जनावर कधी गेले, चालत गेले की पळत, हे पारध्याला कळत होते. लेंडी ओली की सुकी, गवत उभे राहू लागले की अजून दबलेले, वारा कुठून कुठे, पाणवठ्यावर ऊन कोणत्या बाजूने येणार, हे सगळे वाचूनच तो जागा धरत असे. १९२० मध्ये सय्यद सिराज उल हसन यांनी निझामाच्या राज्यातल्या जाती-जमातींवर मोठा ग्रंथ लिहिला. बीड तेव्हा त्याच राज्यात होते, आणि पारध्यांच्या चालीरीतींची नोंद या ग्रंथात आहे. त्याच काळात इंग्रजी मुलखात १८७१ च्या कायद्याने अशा अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असल्याचा शिक्का मारलेला होता. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशयाची नजर मात्र अजून पुरती गेलेली नाही. या माणसांच्या ज्ञानाचा आदर करायचा असेल तर त्यांचाही आदर करावा लागेल. त्यांच्याकडून माग काढणे शिकायचे आणि त्यांच्या पालाकडे संशयाने पाहायचे, हे चालणार नाही.

या मुलखाचे स्वतःचे असे एक नेमाचे हत्यार आहे, ते म्हणजे गोफण. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभा राहिलेला राखणदार गोफणीत खडा ठेवतो, डोक्याभोवती एक-दोन फेरे देतो आणि एक पदर सोडतो. गोफणीला माशी नाही, खूण नाही, अंतराचे गणित नाही. राखणदार फक्त जिथे खडा पडायला हवा तिथे पाहतो आणि पदर नेमक्या क्षणी सुटतो. जगभरचे धनुर्धर ज्याला अंतःप्रेरणेचा नेम म्हणतात, तो समजून घ्यायला बीडच्या वाचकाला यापेक्षा जवळचे उदाहरण सापडणार नाही. ही प्रेरणा कोणी जन्मतः घेऊन येत नाही. ती हंगामामागून हंगाम पाखरे हाकून येते.

धनुष्याच्या विद्येचे आपले लिखित शास्त्र फार जुने आहे. अग्निपुराणात धनुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहेत, आणि वसिष्ठांच्या नावावर असलेली धनुर्वेदसंहिता तर जवळजवळ सरावाचे पाठ्यपुस्तकच आहे. आलीढ, प्रत्यालीढ, समपद, वैशाख अशा उभे राहण्याच्या पद्धती, दोरी धरण्याच्या मुठी, ओढ कानापर्यंत न्यायची की खांद्यापर्यंत, हे सगळे तिथे नावानिशी सांगितले आहे. मला त्यातली लक्ष्यांची विभागणी सर्वांत मोलाची वाटते. धनुर्धर आणि लक्ष्य दोन्ही स्थिर. लक्ष्य चालते आणि धनुर्धर स्थिर. धनुर्धर चालता आणि लक्ष्य स्थिर. आणि शेवटी दोन्ही चालते. शिकवण्याचा क्रमही हाच. सकाळी लक्ष्य पश्चिमेला ठेवावे आणि दुपारनंतर पूर्वेला, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो, इतकी बारीक व्यावहारिक सूचना त्यात आहे. बीडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात सराव करणाऱ्याला ती आजही पाळावी लागेल.

आपल्या भागाशी थेट नाते सांगणारा दुसरा ग्रंथ म्हणजे मानसोल्लास. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने इसवी सन ११३० च्या सुमारास तो संस्कृतात सिद्ध केला. आजचा मराठवाडा त्या काळी चालुक्यांच्या सत्तेखाली होता. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे शंभर अध्यायांचे हे राजजीवनाचे भांडार आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी म्हणतात ही नोंद ज्या ग्रंथात आहे, त्याच ग्रंथात मृगयेचे, म्हणजे हरणांच्या शिकारीचे अनेक प्रकार वर्णिले आहेत. राजाची शिकार करमणुकीची होती आणि पारध्याची पोटाची, हा फरक विसरता येत नाही. तरी सावजाच्या सवयी ओळखूनच पुढे जायचे, हे सूत्र दोघांचे एकच होते.

आपल्या महाकाव्यांनी तर याहून खोल गोष्ट सांगून ठेवली आहे. पोपटाच्या डोळ्याशिवाय काहीच न दिसणारा अर्जुन आणि अंगठा कापून देणारा एकलव्य आपल्याला शाळेपासून माहीत असतात, आणि एकाग्रतेचे सगळे धडे आपण या दोघांवरच संपवतो. शिकारीच्या कथा मात्र वेगळ्या आहेत. दशरथाने घागर भरल्याचा आवाज ऐकला, हत्ती पाणी पितो आहे असे समजून शब्दवेधी बाण सोडला आणि श्रावणाचा जीव गेला. पंडूने हरणाच्या जोडीवर बाण सोडला आणि मृगरूपातला ऋषी मारला. जरा नावाच्या पारध्याने झाडाखाली टेकलेले कृष्णाचे पाऊल हरीण समजून वेधले. या तिन्ही कथांत बाण अचूक लागला आहे. हात हलला नव्हता, नजर ढळली नव्हती, एकाग्रता पुरेपूर होती. चूक झाली ती समोर काय आहे याची खात्री न करता बाण सोडल्याची. अर्जुनाची गोष्ट नेम शिकवते आणि दशरथाची गोष्ट नेमाची जबाबदारी. शिकारीच्या तिरंदाजीला दोन्ही लागतात, आणि या पुस्तकाचा कणा दुसऱ्या गोष्टीवर उभा आहे.

मध्ययुगात दख्खनच्या सैन्यांत शिंग, लाकूड आणि स्नायूंच्या थरांनी बनवलेली आखूड, वळणदार धनुष्ये आली. घोड्यावरून ती चालवणारे धनुर्धर अंगठ्यात कडी घालून अंगठ्यानेच दोरी ओढत. भिल्लांची रीत निराळी. भिल्लांचे धनुष्य बांबूचे, आणि त्याची दोरीही बहुधा बांबूच्याच चिरलेल्या पट्टीची. पावसात सुताची किंवा तातीची दोरी ढिली पडते. बांबूची पट्टी जंगलात हाताशी असते आणि तुटली तर तासाभरात नवी करता येते. बाण बोरूसारख्या हलक्या काडीचे, टोके लोहाराने घडवलेली. एकलव्याचे स्मरण म्हणून भिल्ल अंगठा न लावता पहिल्या दोन बोटांत दोरी धरतात, असे सांगितले जाते. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली आणि भिल्लांच्या हाती सरकारी बंदूक दिली. पुढे बंदूक जसजशी पसरली तसतसा तीरकमठा लढाईतून मागे हटला, शिकारीत आणि सणासमारंभात उरला. खंडेनवमीला शस्त्रे पुजणाऱ्या आपल्या घरांतही धनुष्य आता क्वचितच दिसते.

जगाच्या इतर भागांतही हीच वाट दिसते: आधी लढाई आणि शिकार, मग खेळ, आणि मग खेळातून पुन्हा जुन्या विद्येचा शोध. इंग्लंडमध्ये १५४५ साली रॉजर अ‍ॅस्कमने ‘टॉक्सोफिलस’ लिहिला आणि बाण सोडण्याची क्रिया पाच भागांत मांडली: उभे राहणे, बाण लावणे, ओढणे, धरून ठेवणे आणि सोडणे. एकोणिसाव्या शतकात होरेस फोर्ड या इंग्रज खेळाडूने नेमाचे शास्त्र काटेकोर केले. जपानमध्ये क्यूदो या परंपरेने बाण सोडण्याच्या आठ पायऱ्या ठरवल्या आणि लक्ष्य लागण्याइतकेच महत्त्व सोडण्याच्या शुद्धतेला दिले. अमेरिकेत १९११ मध्ये ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस, इशी, कॅलिफोर्नियातल्या एका गावात आला. सॅक्स्टन पोप नावाचा डॉक्टर त्याचा मित्र झाला आणि त्याच्याकडून धनुष्य बनवायला व शिकार करायला शिकला. १९१६ मध्ये इशी गेला. १९२३ मध्ये पोपचे पुस्तक आले आणि आधुनिक जगात धनुष्याच्या शिकारीची आवड त्याने पुन्हा जागी केली. स्पर्धेच्या लांबच्या मोठ्या लक्ष्यावर इशी फारसा चमकत नसे. जवळचे, लहान लक्ष्य हीच त्याची ताकद. शिकाऱ्याचा नेम आणि खेळाडूचा नेम यांतला फरक त्याच्याइतका स्पष्ट कोणी दाखवला नाही.

आता नेमाच्या पंथांकडे येऊ. नवशिक्याला इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून आधी बाणाचे पडणे समजून घेऊ. समजा, तुमचा बाण सेकंदाला ५० मीटर वेगाने निघाला. १० मीटरवर पोचायला त्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतो आणि तेवढ्यात तो सरळ रेषेपासून साधारण २० सेंटिमीटर खाली येतो. २० मीटरवर वेळ दुप्पट लागतो, पण घसरण चौपट होते, म्हणजे जवळजवळ ८० सेंटिमीटर. २५ मीटरवर ती सव्वा मीटरच्या घरात जाते. त्यामुळे २५ मीटरवरचे लक्ष्य २० मीटरवर आहे असे समजून नेम धरला, तर हात कितीही स्थिर असला तरी बाण साधारण २५ सेंटिमीटर खाली जातो. हरणाच्या छातीऐवजी तो पायांमधून जाईल. मैदानावर अंतर आधीच मोजलेले असते. रानात ते डोळ्यांनीच मोजावे लागते. शिकारीच्या नेमातली सर्वांत मोठी चूक हाताची नसते, अंतराच्या अंदाजाची असते.

या घसरणीशी जुळवून घेण्याचे मार्ग म्हणजेच नेमाचे पंथ. फोर्डच्या पंथात बाणाचे टोक जमिनीवरच्या किंवा लक्ष्याजवळच्या एका ठरलेल्या खुणेवर टेकवतात. अंतर बदलले की खूण बदलते. दुसऱ्या पंथात टोक आणि लक्ष्य यांच्यामधली मोकळी जागा मनात मोजतात, आणि प्रत्येक अंतरासाठी ती किती हवी हे सरावाने पाठ करतात. तिसऱ्यात बोटे दोरीवर खाली-वर सरकवून बाणाचा कोन बदलतात. साध्या धनुष्याच्या स्पर्धांत हा पंथ चांगलाच रुजला आहे. अमेरिकन धनुर्धर हॉवर्ड हिलने दुहेरी नजरेची रीत मांडली: मुख्य नजर लक्ष्यावर आणि बाणाचे टोक कडेच्या नजरेत. आणि शेवटचा पंथ गोफणीच्या राखणदाराचा, ज्यात नजर फक्त लक्ष्यातल्या सर्वांत बारीक ठिपक्यावर राहते आणि बाकीचे सगळे शरीर करते. मोजलेल्या अंतरावर पहिले तीन पंथ अधिक काटेकोर ठरतात. अनोळखी अंतरावर, अर्ध्या उजेडात, गुडघ्यावर बसून शेवटचे दोन जलद चालतात. कोणताच पंथ दुसऱ्याला खोटा ठरवत नाही. हे पुस्तक नवशिक्याला मोकळ्या जागेच्या मोजणीपासून सुरू करायला सांगते, कारण चूक कुठे झाली हे त्यात कळते, आणि चूक कळल्याशिवाय सराव पुढे सरकत नाही.

शिकाऱ्याला आणखी एक वैरी असतो, तो म्हणजे आवाज. २० मीटरवर दोरीचा आवाज सेकंदाच्या सतराव्या भागात पोचतो आणि बाणाला ०.४ सेकंद लागतात. मधल्या वेळात सावध हरीण दबकते किंवा उसळी घेते, आणि ज्या जागेवर नेम होता ती जागा तिथे राहत नाही. म्हणून जुने शिकारी आणखी जवळ जात, सावजाने मान खाली घालण्याची वाट पाहत आणि तसे झाले नाही तर परत फिरत. अंतर कमी करणे हाच त्यांच्या नेमाचा पहिला नियम होता. जवळ जाण्याचे कष्ट टाळून लांबून बाण टाकणाऱ्याला धाडसी म्हणायची चाल हल्ली पडली आहे. शिकाऱ्याच्या हिशेबात तो आळशी ठरला असता.

एकाग्रतेविषयी बोलताना आपण चटकन ध्यान, समाधी असे मोठे शब्द वापरतो. प्रत्यक्षात तिचा सराव फार साध्या गोष्टींनी होतो. जुन्या कपड्यांनी किंवा उसाच्या पाचटाने ठासून भरलेले पोते घ्यावे, भक्कम बांधाला टेकवावे आणि तीन पावलांवर उभे राहावे. पोत्यावर कोणतीही खूण नको. बाण लावावा, दोरी गालावरच्या ठरलेल्या जागी आणावी. खेळाडू या जागेला अँकर म्हणतात. मधले बोट दर वेळी ओठाच्या त्याच कोपऱ्याला लागते का, हे पाहावे. पाठीचे स्नायू एकमेकांकडे ओढले जातात का, हे जाणवू द्यावे. मग डोळे मिटून बोटे सैल सोडावीत. बोटे उघडायची नसतात. ताण सोडला की दोरी आपली वाट काढते. बाण सुटल्यावर डावा हात आणि मान तशीच राहू द्यावी. लक्ष्य नसल्यामुळे इथे लागण्याची हाव नसते, आणि हाव नसली की शरीर शिकते. महिनाभर हेच करणे कंटाळवाणे वाटेल, पण पुढच्या सगळ्या सरावाचा पाया इथे घातला जातो.

हा पाया कच्चा राहिला तर धनुर्धराला एक विचित्र आजार जडतो. नेम लक्ष्यावर येण्याआधीच बोटे सुटतात, किंवा हात लक्ष्याच्या खाली अडकून बसतो आणि वर येतच नाही. जगभरचे खेळाडू त्याला टार्गेट पॅनिक म्हणतात. नेम दिसताच बाण सोडायची सवय मनाला लागलेली असते, आणि मग निर्णय डोळा घेतो, धनुर्धर घेत नाही. यावरचा उपाय पहिल्या बाणाच्या विद्येतच आहे. दर काही बाणांमागे एकदा धनुष्य पूर्ण ताणायचे, नेम धरायचा, आणि बाण न सोडता हलके हलके खाली घ्यायचे. नजरेच्या बाजूनेही विज्ञानाने भर घातली आहे. कॅनडातल्या जोन विकर्स यांनी १९९० च्या दशकापासून दाखवले की निष्णात खेळाडूंची नजर कृतीच्या आधी एका बिंदूवर अधिक काळ स्थिर राहते. तिला त्यांनी शांत नजर म्हटले. हरणाच्या अख्ख्या अंगाकडे न पाहता खांद्यामागच्या एका केसाकडे पाहा, हा शिकाऱ्यांचा जुना सल्ला तेच सांगतो.

ही विद्या आज महत्त्वाची का, याचे उत्तर मैदानावरही मिळते. उदयपूर जिल्ह्यातल्या आदिवासी कुटुंबातला लिंबा राम लहानपणी बांबूच्या धनुष्याने पाखरे टिपत असे. १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या निवड चाचणीत तो पुढे आला, तीन ऑलिंपिक खेळला, आणि १९९२ मध्ये बीजिंगच्या आशियाई तिरंदाजी अजिंक्यपद स्पर्धेत ३० मीटरवर ३६० पैकी ३५७ गुण मिळवून त्याने विश्वविक्रमाची बरोबरी केली. महाराष्ट्रात साताऱ्याच्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोचला. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली, आणि त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण मिळवले. अदिती आणि ओजस यांचे कंपाउंड धनुष्य चाकांचे आणि भिंगाचे. बांबूच्या कमठ्याशी त्याचे साम्य थोडेच. तरी बोटांत किंवा कळीवर ताण असताना मन शांत ठेवणे सगळ्यांना सारखेच अवघड जाते.

शिकारीच्या तिरंदाजीचा खरा वारस मात्र वेगळाच आहे, आणि त्याची आपल्याकडे अजून पुरेशी ओळख नाही. थ्रीडी तिरंदाजीत फोमची हरणे, डुकरे, अस्वले झाडीत ठेवतात, अंतर सांगत नाहीत, आणि साध्या धनुष्यासाठी लक्ष्ये ३० मीटरच्या आत असतात. चढ, उतार, सावली, अर्धवट आडोसा, सगळे शिकारीचेच. जीव मात्र कोणाचा जात नाही. बीडच्या माळांना आणि बालाघाटच्या उतारांना हा खेळ शोभेल. आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळेने ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये बीडचे नाव जगाच्या नकाशावर नेले. या जिल्ह्यातल्या असंख्य मुलांचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि मुलांची शाळा व खेळ अर्ध्यावर सुटतात. महागडे यंत्रवजा धनुष्य त्यांच्या आवाक्यात नाही आणि वर्षभराचे प्रशिक्षण शिबिरही नाही. बांबूचे हलके धनुष्य, जुळलेले सहा बाण आणि पाचटाचे पोते कुठेही नेता येते. जाणत्या माणसाची देखरेख असेल तर उसाच्या फडाजवळही सराव सुटणार नाही. हे पुस्तक लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर ही मुले आहेत.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हा तिरंदाजीचा संपूर्ण इतिहास नाही, आणि स्पर्धेचे नियमपुस्तकही नाही. पारधी किंवा भिल्ल समाजाचे चरित्र लिहिण्याचा अधिकार मी घेतलेला नाही. त्यांच्या विद्येपुढे विद्यार्थी म्हणून उभे राहण्याचा प्रयत्न केला आहे. पुस्तक आधी पाहायला शिकवते, मग थांबायला, मग ओढायला, आणि सोडण्याकडे सर्वांत शेवटी येते. ज्यांना पहिल्याच दिवशी बाण सोडायचा आहे त्यांना हा क्रम जाचेल. तरी तो बदलू नये. लक्ष्यामागे मातीचा बांध किंवा भिंत असल्याशिवाय बाण लावू नये, बाणाशिवाय दोरी ओढून सोडू नये कारण धनुष्य फुटते, आकाशाकडे कधीही बाण सोडू नये, आणि बाण उपसायला गेलेला माणूस परत येईपर्यंत धनुष्याला हात लावू नये. हे नियम प्रत्येक प्रकरणात पुन्हा येतात आणि मुद्दाम येतात.

वाचकाकडे माझी एक मागणी आहे. सरावाची वही ठेवा आणि तिच्यात रोजच्या पहिल्या बाणाची नोंद वेगळ्या रकान्यात करा: अंतराचा अंदाज काय केला, मोजल्यावर किती निघाले, बाण कुठे लागला. विसाव्या बाणापर्यंत हात तापतो आणि सगळेच बरे नेम धरतात; थंड हाताने, थंड नजरेने सोडलेला पहिला बाण तुमची खरी पातळी सांगतो. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखा, न सोडलेल्या बाणांचा. अंतराची खात्री नव्हती, लक्ष्यामागची जागा दिसत नव्हती किंवा मन थाऱ्यावर नव्हते म्हणून ज्या ज्या वेळी तुम्ही ताणलेले धनुष्य खाली घेतले, ते तिथे मांडा. दुसरा रकाना प्रामाणिकपणे भरू लागलात की हे पुस्तक तुमच्या कामी आले असे मी समजेन.